सत्तेचाळीस नंबरचा वास

“मॅडम, हा तो नाहीच.”

धाकटीने दोन पानांचा कागद टेबलावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बाईंनी लाल पेन उत्तरपत्रिकेत खुणेला अडकवलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि कागद वाचला. अहवाल डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा होता. अशा अहवालात अक्षरं पुष्कळ आणि मतलबाची ओळ एकच असते. त्या ओळीचा अर्थ असा, की पाठवलेला जिवाणू सत्तेचाळीस नंबरचा नव्हे. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये, नळाच्या तोटीत, कुठेही सापडणारा कोणी उपटसुंभ आहे. उपटसुंभ हा शब्द अर्थात अहवालात नव्हता, तो बाईंच्या मनात आला.

“दहा महिने,” धाकटी म्हणाली. “दहा महिने मी भलत्यालाच खायला घालत होते.”

धाकटी म्हणजे बाईंची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. चार महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या, आता नवीन कोणी येणार नव्हतं, म्हणून सगळा विभाग तिला धाकटीच म्हणायचा. आणि सत्तेचाळीस नंबर हा बाईंना सव्वीस वर्षांपूर्वी कापड रंगवायच्या कारखान्यामागच्या नाल्यात सापडलेला जिवाणू. बाटलीतल्या निळ्या पाण्यात सोडला की दोन दिवसांत पाणी नितळ करून ठेवायचा. त्याच्या जिवावर बाईंचं नाव झालं, सात जणांना डॉक्टरेट मिळाली आणि त्यांतला पहिला आज विभागप्रमुख होऊन समोरच्या केबिनमध्ये बसत होता. धाकटीच्या बाटल्यांमधलं पाणी मात्र निळं ते निळंच राहिलं. तिने तापमान बदललं, मिठाचं प्रमाण बदललं, बाटल्या बदलल्या, शेवटी स्वतःच्या जेवणाझोपेच्या वेळाही बदलल्या. पाणी काही बधलं नाही. मग कोणाला न विचारता तिनेच जिवाणू तपासायला पाठवला होता.

“तीन वाजता माझी आढावा समिती आहे ना, तिथे मी सांगून टाकते,” ती म्हणाली. “माझ्याच हातून शिरला असणार. माझ्या प्लेटांना दुसरं कोण हात लावतं?”

या धंद्यात माणसाला मठ्ठ म्हटलेलं चालतं, आळशी म्हटलेलंही खपून जातं. पण ‘हिचा हात स्वच्छ नाही’ असं एकदा कोणी म्हटलं, की ते जन्माचं चिकटतं. मग पुढे कोणी दारात उभं करत नाही. आणि ही पोरगी तेच वाक्य आपल्या तोंडाने, तेही तीन माणसांसमोर, म्हणायला निघाली होती.

“जेवलीस का?” बाईंनी विचारलं.

“भूक नाही.”

भूक हा शब्द ऐकला आणि बाईंना दुसराच एक दिवस आठवला.

दहा महिन्यांपूर्वी याच टेबलाशी उभी राहून धाकटीने जिवाणू वाढवायची चपटी प्लेट पुढे केली होती. फ्रीझरमधल्या नळीतून सत्तेचाळीस नंबर तिने त्या दिवशी नव्याने वाढवला होता. “मॅडम, याचा वास वेगळा वाटतोय,” ती म्हणाली होती. “एम.एस्सी.ला तुम्ही आम्हाला दाखवला होतात, तो ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवल्यासारखा होता. याला उकडलेल्या बटाट्याचा वास येतोय.” बाईंनी झाकण बोटभर उचललं, प्लेट नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “तोच आहे. तुला भूक लागली असेल.” दोघी हसल्या होत्या. डीएनए तपासून घेऊ का, असंही तिने विचारलं होतं. “कशाला? मी बघितलं ना,” असं म्हणून बाईंनी रजिस्टरमध्ये ‘ओळख पटवली’ या रकान्यात सही ठोकली होती.

त्यांना कसलाच वास आला नव्हता. इस्त्रीचाही नाही आणि बटाट्याचाही नाही. दोन वर्षांपूर्वी एका साध्या तापात त्यांचं नाक गेलं होतं आणि ते परत आलंच नव्हतं.

नाकाचं काय एवढं, डोळे-कान तर शाबूत आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! हे नाक साऱ्या विद्यापीठाला ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या दारावर नियमांची पाटी होती आणि तिच्यावरचा आठवा नियम होता : कोणत्याही कल्चरचा, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचा, वास घेऊ नये. हा नियम लिहिला बाईंनी आणि तीस वर्षं रोज मोडलाही बाईंनीच. “तो तुमच्यासाठी आहे, मला नाही लागू,” असं त्या मुलांना खुशाल सांगत. यंत्राला जे सांगायला आठवडा लागायचा, ते हे नाक उभ्या उभ्या सांगायचं. शोधनिबंध छापण्यात, बढतीत, परदेशी जाण्यात बाई नेहमी कोणाच्या तरी मागे राहिल्या. या एका बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते गेलंय हे सांगायचं, तर मग मागे उरतं काय, असं त्यांना वाटलं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता दोन वर्षं निघून गेली.

साडेबाराला एम.एस्सी.च्या वर्गाचं वर्षातलं शेवटचं प्रॅक्टिकल होतं. त्या दिवशी विभागात एक खेळ व्हायचा. मुलं बाईंचे डोळे बांधायची, समोर पाच निरुपद्रवी सूक्ष्मजीवांच्या प्लेटा असायच्या आणि बाई वासावरून पाचही ओळखायच्या. आज नको म्हणावं असं बाईंच्या मनात येत होतं, पण मुलांनी टेबल पुसून तयार ठेवलं होतं. विभागप्रमुखही हौसेने दाराशी येऊन उभे होते. धाकटी मागच्या भिंतीला टेकली होती.

“मॅडम, एक जरी चुकलात तरी आम्हाला पार्टी!” एक मुलगी ओरडली.

“आणि तुम्ही पेपरात चुकाल त्याचं काय?” बाई म्हणाल्या. वर्ग खिदळला.

डोळ्यांवर रुमाल आला. बाईंनी पहिली प्लेट उचलली. “हा दूध नासवणारा.” टाळ्या. “हे यीस्ट. पावाची भट्टी.” पुन्हा टाळ्या. चौथ्या प्लेटला त्या मुद्दाम अडखळल्या, दोनदा हुंगलं, मान हलवली आणि मग नाव सांगितलं. एवढं नाटक त्यांना आता सवयीचं झालं होतं. पाचही बरोबर आली.

“अजून तसंच आहे बघा नाक!” विभागप्रमुख कोणाला तरी सांगत होते. रुमाल सोडल्यावर बाईंना पहिल्यांदा दिसली ती धाकटी. तीही टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता, की बाईंना तिच्याकडे बघवेना.

प्लेटा डावीकडून उजवीकडे ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या होत्या, आणि त्या मांडल्या होत्या काकांनी. काका म्हणजे प्रयोगशाळेतले जुने परिचर. काचसामान धुणं, मीडिया म्हणजे जिवाणूंचं खाणं तयार करणं, ते निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावणं हे सगळं त्यांच्याकडे. बाई लागल्या त्याच्या पुढच्याच वर्षी ते लागले होते. गेल्या वर्षी या खेळाच्या आदल्या दिवशी ते बाईंच्या दाराशी थांबले होते आणि “बाई, उद्या दूध पहिलं, पाव दुसरा,” असं करत पाचही नावं सांगून, बादली उचलून चालू लागले होते. त्यावर दोघांत पुन्हा कधी अवाक्षर झालं नव्हतं.

प्रॅक्टिकल संपल्यावर बाई भांडी धुण्याच्या खोलीत गेल्या. काका नळाखाली पिपेटा धरून उभे होते.

“काका, तुम्हाला कधी कळलं?”

“काय ते?”

“उगाच भोळे होऊ नका.”

काकांनी नळ बंद केला. “बर्नरची नळी सुटली होती ना, त्या दिवशी. खोलीभर गॅस. पोरं बोंबलत बाहेर पळाली आणि तुम्ही आतल्या केबिनमध्ये निवांत पेपर तपासत बसलेल्या. खिडक्या मीच उघडल्या.”

“मग मला काही बोलला नाहीत ते!”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी धाकटीच्या अहवालाचं सांगितलं, बटाट्याच्या वासाचं सांगितलं, तीन वाजताच्या समितीचंही सांगितलं. “ती म्हणतेय, चूक माझी आहे.”

“आणि आहे कोणाची?”

काकांनी एक पिपेट उजेडात धरून आरपार बघितली. “मला तुमचं शास्त्र कळत नाही, बाई. पण इतक्या वर्षांत पोरापोरींची भांडी धुतोय. या पोरीकडून आलेलं भांडं मला कधी दुसऱ्यांदा धुवावं लागलं नाही. तेवढं मला कळतं.”

समिती तिघांची होती. विभागप्रमुख, रसायनशास्त्राचे एक सर आणि टिपण लिहून घेणाऱ्या एक प्राध्यापिका. बाई मार्गदर्शक म्हणून बाजूच्या खुर्चीत बसल्या. धाकटी उभीच राहिली. तिने अहवाल पुढे केला आणि पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. “कंटॅमिनेशन माझ्याकडून झालं. मला एक वर्ष मुदतवाढ मिळाली, तर मी सगळं काम पहिल्यापासून करीन.”

“मुदतवाढीसाठी कारण लागतं,” विभागप्रमुख म्हणाले. माणूस वाईट नव्हता, अवघडला होता. “स्वतःच्या चुकीला मुदतवाढ मिळत नाही गं.”

“एकूण स्वच्छतेची सवय कमी पडली म्हणायचं,” रसायनवाले सर म्हणाले. प्राध्यापिकाबाई लिहू लागल्या. ‘विद्यार्थिनीच्या हाताळणीत दोष’ हे शब्द बाईंना उलट्या बाजूनेही वाचता आले.

“ते खोडा,” बाई म्हणाल्या.

तिघांनी मान वर केली.

“तिचे हात स्वच्छ आहेत. बाहेरचा जिवाणू कोणाकडूनही शिरतो, माझ्याकडूनही शिरलाय. तो पहिल्या दिवशीच पकडायचा असतो आणि ते काम माझं होतं. तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की वास वेगळा येतोय. तपासून घेऊ का, असंही विचारलं होतं. मी नको म्हणाले. तोच आहे म्हणून सही केली.”

“होतं मॅडम असं कधी कधी. एखादा दिवस नाक दगा देतं,” विभागप्रमुख म्हणाले.

“एखादा दिवस नाही. दोन वर्षं झाली, मला वास येत नाही. कशाचाच.”

विभागप्रमुख हसले. बाई चेष्टा करतायत, असंच त्यांना वाटलं. मग कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. “अहो, पण दुपारी तर तुम्ही पाचही...”

“क्रम मला माहीत होता. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.”

बाईंना हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसती लाज वाटली, आणि असा थकवा आला की आता कोणी घरी नेऊन सोडलं तर बरं, असं झालं.

“हे असं कागदावर घ्यायचं?” विभागप्रमुखांनी हळूच विचारलं. “निरोपाच्या कार्यक्रमात मी तुमच्या नाकावरच बोलणार होतो, मॅडम. माझा सगळा प्रबंध त्याच नाकावर...”

“तुझा प्रबंध शाबूत आहे. तेव्हा नाक होतं,” बाई म्हणाल्या. भर समितीत आपण त्याला अरे-तुरे केलं, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. “या दोन वर्षांत त्या रकान्यात मी बारा सह्या केल्यात. बाराच्या बारा तपासून घ्या. आणि कागदावर घ्यायचं नसेल, तर हिच्या नावावरही काही घेऊ नका. कारण लागतं ना मुदतवाढीला? मार्गदर्शकाची चूक, असं कारण लिहा.”

प्राध्यापिकाबाईंनी आधीची ओळ खोडली. त्यांनी बाईंकडे न बघता विचारलं, “असंच लिहू?”

“असंच लिहा. आणि तिचं नाक बरोबर होतं, हेही लिहा.”

मुदतवाढ मिळाली. धाकटी बाईंच्या आधीच बाहेर पडली होती, ती जिन्यापाशी थांबलेली होती. बाईंना वाटलं, ही आता रडेल, किंवा पाया पडेल. दोन्हीपैकी काही झालं नाही.

“मी रोज बसमध्ये रडत होते, मॅडम,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तोच जास्त लागला. “मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. बटाट्याचा वास मला रोज यायचा. रोज! आणि मी स्वतःला समजवायचे, की मॅडम म्हणाल्यात तोच आहे, म्हणजे माझंच नाक खराब आहे.”

“चुकलं माझं,” एवढंच बाई बोलल्या.

“हो,” धाकटी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा यजमान स्वयंपाकघरात होते. नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला होता आणि मोजूनमापून, नकाशा काढावा तसाच ते तो करत. बाई रोज दारात चपला काढता काढता म्हणायच्या, “काय वास सुटलाय हो!” आज त्या नुसत्याच आत येऊन खुर्चीवर बसल्या.

“आज काही बोलली नाहीस?” यजमान झारा हातात धरूनच बाहेर आले.

बाईंनी सांगितलं. समितीपासून सुरुवात केली आणि तापापर्यंत मागे गेल्या. यजमान ऐकत राहिले. मग त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला आणि समोर येऊन बसले.

“म्हणजे दोन वर्षं तू जे कौतुक करत होतीस...”

“हो.”

“मला वाटायचं, मला जमायला लागलं.”

“जमतच असेल हो. मला कळत नाही एवढंच.”

“चव तरी लागते का?”

“खारट, तिखट, आंबट, गोड. त्याच्या पलीकडे काही नाही.”

यजमानांनी झारा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. त्यांना राग आला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला एवढीशी गोष्ट सांगू नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी ते म्हणाले, “भाजी करपलीय आज. दारातच ओरडशील म्हणून मी मघापासून खिडकी उघडून पंखा लावून बसलो होतो.”

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

पुढचे नऊ दिवस धाकटी बाईंच्या केबिनमध्ये आली नाही. ती प्रयोगशाळेत असे, तिच्या बर्नरची निळी ज्योत दारातून दिसे, पण बाईंनी आत डोकावायचं धाडस केलं नाही. काकांकडून एवढंच कळलं, की जुन्या कपाटातला लाकडी खोका तिने मागून नेला. त्या खोक्यात वाळवून ठेवलेल्या जिवाणूंच्या काचेच्या कुप्या होत्या. सत्तेचाळीस नंबर सापडला त्याच वर्षी बाईंनी त्याच्या सहा कुप्या ज्योतीवर स्वतः बंद केल्या होत्या. पुढे फ्रीझर आला, नळ्या आल्या आणि खोका सगळेच विसरले होते.

दहाव्या दिवशी सकाळी धाकटी दारात उभी राहिली. एका हातात प्लेट होती, दुसऱ्या हातात बाटली, काखेत रजिस्टर.

“सहातल्या पाच मेलेल्या निघाल्या,” ती म्हणाली. “सहावी उगवली.”

तिने बाटली टेबलावर ठेवली. आतलं पाणी नितळ होतं. बाईंनी ती उचलून खिडकीकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. पाण्यातून पलीकडची भिंत, सायकलींची रांग, सगळं दिसत होतं.

धाकटीने प्लेटचं झाकण बोटभर उचललं, ती नाकाशी नेली, डोळे मिटले. थेट बाईंसारखंच. आठवा नियम मोडला जात होता आणि नियम लिहिणाऱ्या बाई काही न बोलता बघत होत्या.

“इस्त्री,” धाकटी म्हणाली. “ओला कपडा आणि इस्त्री. आणि आज मला भूक लागलेली नाही, मॅडम.”

शेवटचं वाक्य तिने अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं. चिडून की चेष्टेने, हे बाईंना कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

“वासावर जाऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “डीएनए पाठव.”

“पाठवलं होतं. काल अहवाल आला, तोच आहे.”

“शहाणी आहेस.”

धाकटीने प्लेट पुढे केली. बाईंनी दोन्ही हातांनी ती घेतली आणि नाकाशी धरली. वर्षानुवर्षं ज्याला त्या अंधारातही ओळखत आल्या होत्या, तो समोर होता. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. धाकटी “आला का वास?” असं विचारणार होती, ती थांबली.

बाईंनी झाकण लावून प्लेट परत दिली. रजिस्टर उघडलं, आजची तारीख घातली, पुढे ‘सत्तेचाळीस’ असं लिहिलं. ‘ओळख पटवली’ हा रकाना आला. वरपासून खालपर्यंत त्या रकान्यात त्यांचीच सही होती, पानामागून पान.

त्यांनी पेन फिरवून धाकटीच्या बाजूला केलं.

“इथे तू कर,” त्या म्हणाल्या, आणि सही होईपर्यंत रजिस्टरचं पान उडू नये म्हणून त्याच्यावर हात ठेवून बसल्या.